बिस्किट आखडला कसा?

“जाळी खाली धर, नेड! अजून खाली!” टॅन्सी ओरडली, आणि तिच्या गळाची काठी पुन्हा पार पाण्यापर्यंत वाकली.

डॅरो तलावाच्या मधोमध, पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांच्या रांगेजवळ त्यांची ॲल्युमिनियमची होडी डुलत होती. इंजिनापाशी आई बसली होती. तिच्या एका हातात सुकाणू होतं आणि दुसऱ्या हातात रॅफच्या लाइफ जॅकेटचा पट्टा. रॅफ हा टॅन्सीचा धाकटा भाऊ. वय वर्षं आठ. मासा दिसला की होडीच्या काठावर चढायची त्याची खोड आईला चांगली ठाऊक होती, म्हणून तो पट्टा ती मासा लागायच्या आधीपासूनच धरून बसली होती.

पाणी फुटलं. रुंद, चंदेरी बारामुंडी मासा तोंड वासून हवेत उसळला, डोकं झटकलं आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज करत परत आदळला. सगळे नखशिखान्त भिजले. नेडने चेहऱ्यावरचं पाणीसुद्धा पुसलं नाही. टॅन्सीच्याच वर्गातला हा मुलगा एरवी शाळेच्या घंटेलाही सावकाश उठायचा, पण त्याच्या बापाचं घराणं समुद्राकाठचं, बेटांवरचं. मासा समोर असला की नेड वेगळाच व्हायचा. मासा वळला त्याच क्षणी त्याने हातजाळी खालून सरकवली आणि उचलली.

मासा ओल्या टॉवेलवर आला. आईने सगळ्यांना हात ओले करायला लावले, कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा जातो म्हणून. टॅन्सी त्याच्या तोंडातून गळ सोडवायला वाकली आणि थबकली. माशाच्या पाठीत पिवळ्या प्लास्टिकची बारीक खूणपट्टी होती. आणि डाव्या कल्ल्याच्या झाकणाला अर्धगोल खाच होती, कुणीतरी बिस्किटाचा चावा घ्यावा तशी.

“बिस्किट!” रॅफ किंचाळला.

बिस्किटच होता. गेल्या ईस्टरच्या सुट्टीत, याच झाडांजवळ, टॅन्सीनेच त्याला धरला होता. तलावाच्या मासेमारी मंडळाने त्याला खूणपट्टी लावली, रॅफने नाव ठेवलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला पाण्यात परत सोडलं. तेव्हा तो पंचाण्णव सेंटीमीटर भरला होता. सोडायच्या आधी टॅन्सीने त्याला वल्ह्याशेजारी ठेवून, शेपटी संपते तिथे वल्ह्यावर चाकूने खूण केली होती. ती खूण अजून तिथेच होती.

आईने वल्हं टॉवेलशेजारी ठेवलं. नाक वल्ह्याच्या टोकाशी. शेपटी खुणेच्या पुढे गेली होती. रॅफने मधल्या जागेत हात ठेवून पाहिला. त्याची चार बोटं बसली.

“वाढलाय,” टॅन्सी हळूच म्हणाली.

“वाढलीय,” रॅफने दुरुस्ती केली. “मंडळातली मॅज म्हणते, बारामुंडी लहानपणी सगळे बुवा असतात. एवढे मोठे झाले की बाई होतात.”

“मग नाव बदलायचं का?” नेडने विचारलं. रॅफने विचार करून सांगितलं की नको, बिस्किट कुणालाही चालतं.

टॅन्सीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मनात बेरीज करत होती. मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक आडवा वासा होता. डॅरो तलावात पूर्ण मीटरभर लांबीचा मासा जो धरील, त्याची टोपी त्या वाशावर खिळ्याने ठोकायची, अशी इथली रीत. वाशावर टोप्या पुष्कळ होत्या, पण मुलांच्या मापाची एकही नव्हती. पंचाण्णव अधिक रॅफची चार बोटं. मीटर होईल?

आईने मासा होडीतल्या पाण्याच्या टाकीत अलगद सोडला आणि इंजिन चालू केलं.

धक्क्यावर मिस्टर पेनरिन उभे होते. डेस पेनरिन म्हणजे इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल आणि हातात ओलं फडकं. या दोन दिवसांच्या मासेमारी स्पर्धेतला प्रत्येक मासा ते मंडळाच्या एकाच मोजायच्या चटईवर मोजत. ती पांढरी जाड प्लास्टिकची पट्टी होती. एका टोकाला लाकडी फळी, पुढे छापलेले आकडे. नाक फळीला टेकलेलं, तोंड बंद, शेपटी सरळ. तोंड उघडं ठेवून मोजायला सांगणाऱ्याला त्यांनी एकदा रांगेतून बाहेर काढलं होतं.

त्यांनी बिस्किटला आडवा केला, डोळे बारीक केले आणि सांगितलं, “चौऱ्याण्णव.”

“काय?” टॅन्सीला वाटलं, ती चुकीचं ऐकतेय.

“चौऱ्याण्णव. हवं तर तूच बघ.”

तिने पाहिलं. चौऱ्याण्णवच होते. गेल्या वर्षीपेक्षा एक कमी. मासा फार वेळ पाण्याबाहेर ठेवायची सोय नव्हती. नेडने आणि तिने मिळून बिस्किटला पाण्यात नेलं, पोटाखाली हात धरून उभा ठेवला. त्याने दोनदा कल्ले हलवले, शेपटीचा एक फटका टॅन्सीच्या मनगटावर मारला आणि तो गढूळ हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला.

दुपारी शेडसमोर सॉसेज भाजत होते. कांद्याचा वास सुटला होता, पण जेवणाऱ्यांच्या तोंडावर रया नव्हती. स्पर्धा संपत आली आणि एकही मासा मीटरला पोचला नव्हता. सगळेच आखूड. होडीहोडीवर लोकांच्या स्वतःच्या चटया होत्या, आणि प्रत्येक जण सांगत होता की माझ्या चटईवर मासा मोठा भरला होता. पण मासे धरणाऱ्याच्या स्वतःच्या चटईवर डॅरोत कुणी कधी विश्वास ठेवला नव्हता. वॉली ग्रीव्हजने तर आपला मासा एकशे दोन होता असं तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा लोक त्याला सॉस पुढे करायला सांगून मोकळे झाले.

मंडळाची अध्यक्ष मॅज ड्यूई बाकावर बसून चहाचा कप नुसताच फिरवत होती. गावातली पोरंसोरंसुद्धा तिला मॅजच म्हणायची. ती टॅन्सीच्या आईशी बोलत होती ते पोरांनी ऐकलं, आणि सॉसेज हातात तसंच राहिलं.

मासे वाढायचे थांबलेत, असं मॅजचं म्हणणं होतं. तलावातलं खाणं संपलं असणार. तळाशी चरणारे चंदेरी मासे बारामुंडींनी फस्त केले असणार. उद्या सकाळी बोटुकल्यांचा ट्रक यायचा होता. बोटुकल्या म्हणजे बारामुंडीची बोटभर पिल्लं. बारामुंडीला अंडी घालायला खारं पाणी लागतं, त्यामुळे डॅरोमध्ये एकही मासा आपणहून जन्मलेला नव्हता. एकूण एक मासा कधीतरी इथल्या कुणीतरी पिशवीतून सोडलेला होता. आता उपाशी तलावात आणखी तोंडं सोडायची कशाला? पलीकडच्या धरणाची माणसं ट्रक मागतच होती. चार वाजता सभेत हात वर करून ठरवायचं होतं.

“यंदा नाही सोडणार?” रॅफने विचारलं.

मॅजने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिला माहीत होतं. आठ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पहिल्यांदा स्वतःची पिशवी मिळायची. रॅफ जानेवारीपासून अंघोळीच्या टबात पाण्याने भरलेली पिशवी तरंगवून सराव करत होता. आता तो काहीच बोलला नाही. रॅफ बोलला नाही की घरात काळजी वाटायची. आईने त्याच्या नाकावर पुन्हा एकदा उन्हाचं क्रीम लावलं, आणि तेही त्याने मुकाट्याने लावून घेतलं.

टॅन्सी उठली. नेडला तिने शेडच्या कोपऱ्यावर ओढलं.

“मासा आखडत नाही,” ती म्हणाली. “वाढ थांबेल एक वेळ. पण आहे तो आखडेल कसा? आणि होडीत तो खुणेच्या पुढे होता. तूही बघितलंस.”

“बघितलं. म्हणजे वल्हं खोटं बोलतंय, नाहीतर चटई.”

“वल्ह्याला खोटं बोलून काय मिळणार?”

नेडला ते पटलं. टॅन्सी आईकडे गेली. तिला काय वाटतंय ते तिने भराभर सांगितलं. आई होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची, तिच्या अवजारांच्या पेटीत पोलादी टेप कायम असायची. तिने ती काढून दिली, मात्र एक गोष्ट बजावली. “डेसचा अपमान करायचा नाही. चूक असलीच तर ती निष्काळजीपणाची नसणार. तो माणूस काळजी घेण्यातच चुकेल.”

चटई शेडच्या मागे, पश्चिमेकडच्या पत्र्यावर टांगलेली होती. मिस्टर पेनरिननी ती स्वच्छ धुतली होती. वरच्या फळीला दोन हूक, आणि गुंडाळी होऊ नये म्हणून खालच्या काठाला चिमट्यांनी अडकवलेली शिशाची वजनं. गळाला लावायची तीच, पण सगळ्यात मोठी. ओळीने लोंबत होती. नेडने पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“तवा आहे नुसता.”

टॅन्सीने चटईचा काठ चिमटीत धरला. उन्हाने ती मऊ झाली होती. तिने वल्हं चटईशी उभं धरलं, टोक वर फळीला टेकवून, आणि वल्ह्यावरची खूण पाहिली. पंचाण्णवची ती खूण चटईवरच्या एकोणनव्वदला येत होती. मग नेडने पोलादी टेप लावली. चटईवर जिथे शंभर लिहिलं होतं, तिथे टेप एकशे सहा दाखवत होती.

 मासे आखडले नव्हते. चटई लांबली होती!

“काय चाललंय इथे?”

मिस्टर पेनरिन. हातात फडकं.

टॅन्सीने सांगायचा प्रयत्न केला. पण स्पर्धेत आपलाच मासा कमी भरलेली मुलगी, हातात वल्हं, शेजारी टेप घेतलेला मित्र, आणि मध्ये मंडळाची चटई. मिस्टर पेनरिनचे कान लाल झाले. ही चटई ते इतकी वर्षं वापरतायत, असं ते म्हणाले. इंजिनाच्या तेलात लडबडलेल्या, टोक वाकलेल्या टेपने ती तपासायची? मासा लहान निघाला की मोजणाऱ्याला दोष द्यायचा, हे त्यांनी मोठ्या माणसांत पुष्कळ पाहिलं होतं. मुलांकडून त्यांनी ही अपेक्षा केली नव्हती. त्यांनी चटई उतरवली, नीट गुंडाळली, काखेत मारली आणि ते निघून गेले.

टेपचं टोक खरंच जरासं वाकलेलं होतं.

“सभेत सांगू,” नेड म्हणाला.

“काय सांगणार? ते म्हणतील टेप वाकडी. वल्ह्यावरची खूण मीच केलेली. बाकी सगळ्यांच्या चटया आहेत, पण त्यांचं कोण ऐकतंय?” टॅन्सी खाली बसली. “अशी एखादी वस्तू पाहिजे की जिची लांबी अख्ख्या गावाला माहीत आहे. आणि आपली टेप न लावता.”

तेवढ्यात रॅफ त्यांना शोधत आला. त्याचे डोळे लाल होते, पण रडल्याचं तो कबूल करणार नव्हता. वेगळं काहीतरी बोलायचं म्हणून त्याने नेहमीचंच पालुपद काढलं. किनाऱ्यावरच्या जलउद्यानातली ती मोठी घसरगुंडी. एकशे पंचवीस सेंटीमीटरच्या खाली असणाऱ्याला तिथला माणूस परत पाठवायचा, एका बोटासाठी दोन मुलं परत पाठवली त्याने, आणि रॅफ गेल्याच आठवड्यात तिथल्या उंची मोजायच्या खांबापाशी ताठ उभा राहून...

“गप,” नेड म्हणाला. “दुकानातल्या बाईला सांगितलंस, पोस्टातल्या माणसाला सांगितलंस, मिस्टर पेनरिनना दोनदा सांगितलंस. अख्ख्या गावाला पाठ झालंय.”

टॅन्सीने मान वर केली. ती रॅफकडे पाहू लागली. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश.

“असं काय बघतेस?” रॅफ मागे सरकला.

“रॅफ,” ती म्हणाली, “तुला मासा व्हायला आवडेल?”

चार वाजता शेड भरली. मॅजने दोन शब्दांत सांगायचं ते सांगितलं. तिचा आवाज कोरडा होता. कुणी काही बोलायचं असेल तर बोला, नाहीतर हात वर करा, असं ती म्हणाली. काही हात अर्धवट उठायलाही लागले होते.

“मॅज,” टॅन्सी उभी राहिली.  “एक मासा मोजायचा राहिलाय.”

“स्पर्धा दोन वाजता बंद झाली,” मिस्टर पेनरिन म्हणाले.

“स्पर्धेसाठी नाही. नुसता मोजायचाय. तुम्हीच मोजा, मिस्टर पेनरिन. तुमच्याइतकं बिनचूक कुणी मोजत नाही.”

ती हे मनापासून बोलत होती, आणि ते त्यांना कळलं. “कुठे आहे मासा?”

गर्दीतून रॅफ पुढे आला. बूट काढलेले, दोन्ही हात अंगाला चिकटवलेले. टेबलावर पसरलेल्या चटईवर तो चढला आणि आडवा झाला. शेडमध्ये हशा पिकला. वॉली ग्रीव्हज म्हणाला की हा फार लहान आहे, परत सोडावा लागेल. मॅजच्या ओठांच्या कडा त्या दिवसात पहिल्यांदा हलल्या.

“मोज रे डेस,” ती म्हणाली. “पोरांची सुट्टी आहे.”

मिस्टर पेनरिनना थट्टा आवडायची नाही, पण चटईवर कुणी पडलेलं असताना न मोजणं हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. “डोकं फळीला,” ते म्हणाले. “सरळ. तोंड बंद.” रॅफने तोंड घट्ट मिटलं. त्या आठवड्यात लोक हे प्रथमच पाहत होते. मिस्टर पेनरिन टाचेशी वाकले, डोळे बारीक केले.

“एकशे अठरा.”

रॅफ ताडकन उठून बसला. “खोटं! मी एकशे पंचवीस आहे! घसरगुंडीवाल्याने मला सोडलं!”

लोक हसले, आणि हसता हसता थांबले. एकेकाच्या कपाळाला आठी पडत गेली. तो घसरगुंडीवाला एका बोटाचीही सूट देत नाही, हे प्रत्येकाने रॅफकडून किमान एकदा ऐकलं होतं. 

“डेस,” मॅज हळूच म्हणाली, “या पोराने सात सेंटीमीटर कुठे सांडले?”

मिस्टर पेनरिननी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. ते टॅन्सीकडे वळले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने पोलादी टेप त्यांच्या हातात ठेवली. वाकलेलं टोक सोडून, दहाच्या रेघेपासून त्यांनी टेप धरली, म्हणजे कुणाला शंका नको. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग चष्मा काढून शर्टाला पुसला.

“गुंडाळून ठेवली की हिला वास यायचा,” ते म्हणाले. “म्हणून यंदा धुऊन टांगली. वजनं लावून, सरळ राहावी म्हणून.”

“सगळा उन्हाळा?” मॅजने विचारलं.

“सगळा उन्हाळा. पश्चिमेच्या पत्र्यावर.”

त्यांचा चेहरा असा झाला होता की कुणी हसलं नाही. टॅन्सीला आईचं बोलणं आठवलं. ती म्हणाली, “तुम्ही काळजी घेतलीत म्हणून झालं. नुसती कोपऱ्यात फेकली असती तर काहीच झालं नसतं.”

यावर मात्र मिस्टर पेनरिन स्वतःच हसले, थोडेसे, नाकातून.

“थांबा, थांबा,” वॉली ग्रीव्हज टेबलावर हात आपटत म्हणाला. “म्हणजे माझा खरंच एकशे दोन होता! या शेडमध्ये सगळे जण दोन दिवस खरं बोलत होते!”

“आयुष्यात पहिल्यांदा,” मॅज म्हणाली. “म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.” ती उठली. आता तिचा आवाज कोरडा नव्हता. “मासे वाढतायत. तलाव ठीक आहे. उद्याचा ट्रक इथेच रिकामा करायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर झाले. रॅफने दोन्ही केले.

सकाळी ट्रक आला. धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात मुलं गुडघाभर उभी होती, आणि प्रत्येकाच्या समोर पाण्याने आणि हवेने फुगलेली एक पिशवी तरंगत होती. आत शेकडो बोटुकल्या सुईसारख्या चमकत होत्या. पिशवीतलं पाणी आणि तलावातलं पाणी सारखं कोमट होईपर्यंत पिशवी उघडायची नसते. काही मोठ्या मुलांना घाई झाली होती. रॅफला नव्हती. तो एक बोट तलावात बुडवायचा, एक बोट पिशवीला लावायचा आणि मान हलवायचा. आई काठावर उभी होती, पण या वेळी तिने कुणाचाही पट्टा धरला नव्हता.

शेवटी त्याने पिशवीचं तोंड सोडलं आणि ती हलकेच कलती केली. पिल्लं बाहेर आली, क्षणभर त्याच्या पायाभोवती घुटमळली आणि गवतात शिरली.

“मोठे व्हा,” तो त्यांना म्हणाला. “घाई नाही.”

मागे हातोड्याचा आवाज आला. मिस्टर पेनरिन शेडच्या दारात शिडीवर चढले होते. मॅजने टॅन्सीला बोलावलं. टेबलावर ती चटई अखेरची पसरली होती, शेजारी पोलादी टेप. मिस्टर पेनरिननी चटईवरच्या चौऱ्याण्णववर पेन्सिलीने रेघ मारली होती. टेपवर तिथे शंभर होते. बरोबर शंभर.

“मी चुकीचं मोजलं होतं,” ते शिडीवरून म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “या तिघांनी बरोबर पाहिलं. टोपी दे, टॅन्सी.”

टॅन्सीने डोक्यावरची रंग उडालेली निळी टोपी काढून दिली. खिळा आत गेला. वॉली ग्रीव्हजची टोपी त्या दिवशी तिच्यानंतर ठोकली गेली, आणि त्याने तक्रार केली नाही. तलावाला यंदा मासे मिळाले ते पोरांच्या डोळ्यांमुळे, असं मॅज नेडच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. पुढच्या वर्षी मोजायला मिस्टर पेनरिनना दोन मदतनीस लागतील, हेही तिने तिथेच ठरवून टाकलं. नेडने विचारलं, इस्त्रीचा शर्ट घालावा लागेल का. लागेल, असं मिस्टर पेनरिन म्हणाले.

आईने तोवर पिशवीतून दुसरी टोपी काढून टॅन्सीच्या डोक्यावर दाबून बसवली होती. “वाशावरच्या टोपीने ऊन अडत नाही.”

मिस्टर पेनरिन खाली उतरले. त्यांनी चटई शेवटची पुसली, गुंडाळली आणि रॅफपुढे धरली. आठवण म्हणून ठेव, ते म्हणाले.

रॅफने ती हातात घेतली, थोडा विचार केला आणि परत दिली.

“नको,” तो म्हणाला. “हिच्यावर मी लहान आहे.”